न सुकणारा वसंत

(व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून केलेलं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की समीक्षेच्या मालेत प्लॅस्टिकची फुलं कशाला? इथे कादंबरीवर बोलणं होतं, नाटकावर होतं, चित्रांवर होतं. पण मला सांगा, आपल्या घरी येणारा माणूस सगळ्यांत आधी काय बघतो? दार बघतो, आणि दारावर काय लावलंय ते बघतो. भिंतीवरचं चित्र बघायला त्याला आत यावं लागतं, बसावं लागतं. तोरण मात्र पोस्टमनही बघतो आणि गॅस सिलिंडरवालाही बघतो. इतकी सार्वजनिक कलाकृती, आणि तिच्यावर कुणी चार ओळी लिहीत नाही. फार तर ‘पाडव्याला घर असं सजवा’ म्हणून सल्ला येतो. सल्ला आपल्याला काय विकत घ्यायचं ते सांगतो. समीक्षेने विचारायचं असतं, की ही वस्तू काय करू बघतेय आणि ते तिला जमलंय का.

तर काय करू बघतेय? पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात पुण्यात तुळशीबागेत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत एक चक्कर मारा. दारासाठी झेंडूच्या माळा आणि आंब्याची पानं, सगळी एका मापाची. हॉलसाठी चेरीच्या बहराच्या गुलाबी फांद्या. छतावरून सोडायला जांभळ्या विस्टेरियाचे घोस. टेबलासाठी ट्युलिप, आणि त्यातही ‘रिअल टच’ म्हणून महाग जात, हात लावला तर पाकळी गार आणि ओलसर लागते. कारागिरी कमी नाही हं. देठावरची लव, पानाच्या कडेचा किंचित पिवळेपणा, सगळं केलेलं असतं. म्हणजे नक्कल जमत नाही अशी तक्रार करायला आता जागा राहिलेली नाही.

म्हणूनच सगळ्यात सोपी टीका मी आधीच बाजूला ठेवते. ‘खोटी आहेत म्हणून वाईट’ ही ती टीका. ही आपल्याला परवडणारी नाही, कारण आपलं अर्धं घर खोट्या फुलांवर उभं आहे. नवरानवरीच्या कपाळावर मुंडावळ्या असतात, त्या एकेकाळी फुलांच्या असत, आज बहुतेक मोत्यांच्या असतात. बाशिंग भेंडाचं आणि बेगडीचं. गुढीला आपण साखरेची गाठी बांधतो, म्हणजे साखरेचा हारच तो. अंबाड्यातली सोन्याची फुलं, केवडा, चांदीची कमळं, कोल्हापुरी साजातली पानं. गौरी-गणपतीच्या मखराला घोटीव कागद कातरून केलेल्या वेली. यातलं एकही फूल झाडावर आलेलं नाही.

आणि गंमत बघा, आपल्या भाषेत ‘बेगडी’ हा शब्द शिवी आहे. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती. पण ज्यावरून हा शब्द आला ती बेगड, तो चकचकीत रंगीत पत्रा, मखरावर लावताना कुणाला खोटी वाटली नव्हती. कारण बेगडीने कधी ‘मी सोनं आहे’ असं म्हटलंच नाही. ती बेगड म्हणूनच चमकत होती. कागदाचं फूल कागद म्हणूनच सुंदर असतं, घडी दिसते, कात्रीचा कट दिसतो, कुणी तरी बसून केलंय हे दिसतं. साखरेची गाठी तर संध्याकाळी मुलं खाऊनच टाकतात.

दुसरी एक टीका असते, तीही मला मान्य नाही. ती अशी, की ‘हल्लीच्या बायकांना वेळ नाही, पूर्वी बघा कशा पहाटे उठून तोरणं करायच्या.’ हो, करायच्या. चार वाजता उठून, पाण्यात भिजवलेल्या आंब्याच्या डहाळ्या पुसून, सुईदोरा घेऊन. मग स्वयंपाक, मग पूजा, मग पाहुणे. आणि ‘तोरण छान झालंय’ हे कौतुक घराचं व्हायचं, करणारीचं नाही. जिने नोकरी, लोकल, मुलांची परीक्षा हे सगळं सांभाळून तयार माळ विकत आणली, तिला ‘संस्कृती बुडवलीस’ म्हणणाऱ्याने आधी स्वतः एक तोरण ओवून दाखवावं. आंब्याची पानं दुमडून काडी टोचायला पंधरा मिनिटं बसावं, मग बोलू. (हशा) हसू नका, मी खरंच म्हणतेय. सोय ही लहान गोष्ट नाही. ज्यांच्या घरात ऊन येत नाही, ज्यांना परागकणांनी शिंका येतात, ज्यांच्या मजल्यावर लिफ्ट बंद असताना फुलवाला चढत नाही, त्यांचंही घर सजलं पाहिजे.

मग माझा आक्षेप कुठे आहे? तिथे जायला थोडं मागे जावं लागेल, रोमपर्यंत.

पहिल्या शतकात प्लिनी नावाचा एक रोमन लेखक होऊन गेला, निसर्गातल्या झाडून सगळ्या गोष्टी नोंदवून ठेवणारा. त्याने लिहून ठेवलंय, की हिवाळ्यात जमीन फुलं देत नाही तेव्हा शिंगांच्या पातळ चकत्या रंगवून त्यांचे हार करत. यात कृत्रिम फुलाचा एक मूळ हेतू दिसतो. बाहेर बर्फ, बाग काळी पडलेली, चार महिने फूल दिसणार नाही, तर मग घरात करून ठेवू. उत्तरेकडच्या देशांत वसंतासाठी घर सजवण्याची जी ओढ आहे, तिच्यामागे हा खरा उपास आहे. तिथल्या बाईने मार्चच्या पहिल्या आठवड्यात कापडी ट्युलिप टेबलावर ठेवले, तर ती जमिनीच्या दोन-तीन आठवडे पुढे धावतेय. ते मला कळतं, आवडतंही.

आपल्याकडे चैत्र असा येतच नाही. आपला वसंत उन्हाच्या पाठीवर बसून येतो. पाडव्याला बाहेर बघा. फाल्गुनात पळस पेटून गेलेला असतो, पांगारा लाल असतो, पिंपळाला तांबूस कोवळी पानं आलेली असतात. घाटात कुसुंबाचं झाड असं लाल होतं, की लांबून फुलं वाटावीत, आणि जवळ गेल्यावर कळतं, ही पालवी आहे. करंजाचा हिरवा इतका ताजा, की डोळ्याला गार वाटतं. कडुनिंब मोहरलेला, त्याचा तो मंद गोडसर वास संध्याकाळी गल्लीत उतरतो. मोगरा सुरू झालाय, बहावा अजून यायचाय. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहिलं ते महिन्यांच्या हिशोबाने, कारण आपला वसंत दर पंधरा दिवसांनी रंग बदलतो, एका ‘स्प्रिंग’ नावाच्या खोक्यात तो बसत नाही.

आता यातलं बाजारात कृत्रिम रूपात काय मिळतं? पळसाची फांदी मी विकायला पाहिलेली नाही. पांगारा नाही. कुसुंबाची पालवी नाही, कडुनिंबाचा मोहोर नाही. मिळतो तो दुसऱ्यांचा वसंत. चेरी, ट्युलिप, पिओनी, विस्टेरिया. आणि झेंडू मिळतो, जो आपल्या मनात खरं तर दसऱ्याचा. आता कुणी म्हणेल, बाई देशी-विदेशी करू लागल्या. तसं नाही. झेंडू स्वतःच अमेरिका खंडातून आलेला आहे, देवळापुढचा पांढरा चाफाही तिकडचाच. फुलं फिरतात, रुळतात, त्यांना पासपोर्ट मागू नये. पण झेंडू इथे येऊन इथल्या पावसात वाढला, इथल्या शेतकऱ्याच्या हिशोबात बसला, इथल्या सणात शिरला. छतावरून लोंबणाऱ्या विस्टेरियाला इथे काहीच करावं लागलं नाही. तो मोबाइलच्या पडद्यावरून थेट आपल्या हॉलमध्ये आला. खिडकीबाहेर करंज उभा असताना आपण खिडकीकडे पाठ करून गुलाबी चेरीखाली सेल्फी काढतो. हा सजावटीचा दोष नाही तर काय? सजावटीचं एक काम असतं, की बाहेर काय चाललंय याची घराला बातमी द्यावी. ही सजावट चुकीच्या गावची बातमी देते.

पण यापेक्षा मोठा मुद्दा काळाचा आहे, आणि माझं आजचं सगळं बोलणं तिथेच येऊन थांबतं. ही फुलं जात नाहीत.

दोन उदाहरणं देते, दोन्ही कृत्रिम फुलांचीच. पहिलं क्योटोचं. तिथे गीशा होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलींना ‘मायको’ म्हणतात. त्या केसांत रेशमी फुलांच्या पिना घालतात. रेशमाचे छोटे चौकोन चिमट्याने दुमडून एकेक पाकळी केलेली. शंभर टक्के कृत्रिम. पण ही फुलं महिन्याप्रमाणे बदलतात. मार्चमध्ये मोहरीच्या जातीची पिवळी फुलं, एप्रिलमध्ये चेरी, मे महिन्यात विस्टेरिया. होय, तोच आपला लोंबणारा विस्टेरिया. तिथे तो मे महिन्याचा आहे, आणि जूनमध्ये पेटीत जातो. जूनमध्ये केसांत चेरी घातलेली मुलगी तिथल्या माणसाला चुकीची दिसेल, जशी आपल्याला आषाढात गुढी दिसेल. म्हणजे रेशमाचं फूल कॅलेंडर पाळू शकतं. कृत्रिम असण्याचा आणि ऋतू विसरण्याचा काही संबंध नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचं. जर्मनीतले काचकाम करणारे बापलेक होते, लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का. विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्र शिकवायला म्हणून त्यांनी १८८७ ते १९३६ या काळात काचेची चार हजारांहून जास्त मॉडेलं केली. वडील मध्येच गेले, मुलगा करत राहिला. काचेचं फूल, काचेचा पुंकेसर, पानावरची काचेची शीर. जगातली सगळ्यात हुबेहूब खोटी फुलं म्हणाल तर हीच. पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. शेवटच्या वर्षांत रुडॉल्फने रोग पडलेली, सडत चाललेली फळं केली, काचेतच. बुरशी आलेली स्ट्रॉबेरी, डाग पडलेलं नासपती. म्हणजे ज्याने आयुष्यभर न सुकणारी फुलं केली, त्याने ‘सुकणं हाही झाडाचाच भाग आहे’ हे काचेत लिहून ठेवलं. आपल्या बाजारातल्या माळेत एक तरी पान किडकं असतं का? एक तरी कळी न उमललेली? सगळी फुलं एकाच वेळी, एकाच वयाची, पूर्ण फुललेली. फुलाचं अख्खं आयुष्य सोडून त्यातला एक क्षण उचललाय आणि तो बाराशे वेळा छापलाय.

आपल्याच घरातलं एक उदाहरण याहून बोलकं आहे. गेलेल्या माणसाच्या फोटोला आपण चंदनाच्या सालींचा हार घालतो. वर्षानुवर्षं तो बदलत नाही, धूळ झटकतो फक्त. तो हार कृत्रिम आहे आणि तरी कुणाला खटकत नाही, उलट योग्य वाटतो. का? कारण तिथे काळ थांबलेलाच आहे. ती माणसं आता म्हातारी होणार नाहीत. देवाला मात्र आपण रोज ताजं फूल वाहतो, आणि कालचं काढतो. काढलेल्या त्या फुलाला आपण कचरा म्हणत नाही, निर्माल्य म्हणतो. कालच्या फुलाला स्वतंत्र शब्द देणारी ही भाषा आहे. जे सुकतं त्याला मान आहे, त्याला वेगळं ठेवायचं, पायाखाली येऊ द्यायचं नाही, तुळशीच्या मुळाशी किंवा पाण्यात सोडायचं. प्लॅस्टिकच्या झेंडूचं निर्माल्य कसं करणार?

म्हणून दारावरचं ते बारमाही तोरण मला खुपतं. पाडव्याला लावलं, मग काढायचं राहिलं. वटपौर्णिमा आली, गणपती आले, दिवाळी आली, तोरण तिथेच. नारिंगी रंग उन्हाने फिका होत होत साल्मन माशासारखा झालेला, पानांवर धूळ आणि अगरबत्तीचा काळा थर. घरातलं कुणीच आता त्याच्याकडे बघत नाही. जिवंत दाराला आपण फोटोसारखं वागवतोय. गुढी आपण सूर्यास्ताआधी उतरवतो. ती दहा दिवस उभी ठेवली तर ती गुढी राहणार नाही, नुसती काठी राहील. तोरण सुकायचं तेव्हा ते ‘मला काढा’ म्हणून सांगायचं. सुकलेल्या पानांचा खडखडाट हा एक निरोप होता. नवं तोरण निरोप देत नाही, म्हणून आपण ते काढत नाही, आणि मग पुढचा सण येतो तेव्हा दाराला काही नवं झाल्याचं कळतच नाही.

आता व्यवहाराकडे येऊ, कारण हा नुसता रुचीचा प्रश्न नाही. पाकळी पॉलिस्टरची, देठ पॉलिथिलीनचा, आत लोखंडी तार, वर गोंद. हे वेगळं करणं कुणाला परवडत नाही, म्हणून त्याचा पुनर्वापरही होत नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत सजावटीचं थर्मोकोल आहे, फुग्याची काडी आहे, मिठाईच्या डब्यावरचं वेष्टन आहे. फुलं नाहीत. आणि दुसरीकडे मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये कर्ज काढून जरबेरा लावलेला शेतकरी आहे. जरबेरा गिऱ्हाइकाची वाट बघत नाही, तयार झाला की तोडावा लागतो, भाव असो नसो. लग्नाचे डेकोरेटर एकच प्लॅस्टिकचा संच हंगामभर फिरवतात तेव्हा मार त्याला बसतो. फूल उत्पादक या फुलांवर बंदी मागतायत, ती मागणी न्यायालयापर्यंत गेलेली आहे. मला विचाराल तर ती मागणी रास्त आहे, निदान मंडपांच्या बाबतीत तरी.

मात्र ‘खरी फुलं’ म्हणूनही फार भाबडं होऊ नये. शेवंतीला मोठी रात्र लागते फुलायला, म्हणून शेतात दिवे लावून तिला फसवतात आणि हवं तेव्हा फुलवतात. जरबेऱ्याचा देठ वाकू नये म्हणून त्याला प्लॅस्टिकची नळी घालतात. हे समोर टेबलावर जे फुलदाणीत ठेवलंय ना, त्याच्या खाली हिरवा फोम आहे, तोही प्लॅस्टिकच. आणि कष्टाचं म्हणाल, तर कृत्रिम फुलांचा इतिहास काही गुलाबी नाही. १८६१ साली लंडनमध्ये मॅटिल्डा शॉरर नावाची १९ वर्षांची मुलगी मेली. ती कापडी पानांना हिरवी पूड लावायचं काम करायची, आणि त्या हिरव्या रंगात आर्सेनिक होतं. न्यूयॉर्कच्या चाळींत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आई आणि लहान मुलं रात्री टेबलाभोवती बसून पाकळ्या चिकटवायची, लुईस हाइन या छायाचित्रकाराने काढलेले त्यांचे फोटो आजही बघता येतात. साठच्या दशकात हाँगकाँगमधल्या घरांतून हेच चालायचं, फक्त कापडाच्या जागी प्लॅस्टिक. तेव्हा ‘कष्ट वाचले’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते आपल्या ओसरीवरून उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी ओसरीवर ठेवलेले असतात.

आता शेवटचं, चैत्रगौरीचं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, महिनाभर. या महिन्यात एक दिवस हळदीकुंकू, आणि त्या दिवशी आरास. हल्ली या आराशीचे फोटो बघा. मागे फुलांचा छापील पडदा, दोन्ही बाजूंना जांभळे घोस, दिव्यांची माळ, आणि मध्ये कुठे तरी बोटभर अन्नपूर्णा. देवी शोधावी लागते. जुनी आरास आठवून बघा, किंवा कुणाच्या घरी अजून होत असेल तर जाऊन बघा. कलिंगडाचं कापून केलेलं कमळ. कैऱ्या. भिजवलेले हरभरे ढिगाने. पन्ह्याचं भांडं, आंब्याची डाळ. खाली चैत्रांगण, रांगोळीत कासव, शंख, सूर्य-चंद्र. आणि संध्याकाळी हे सगळं संपतं. हरभरे बायकांच्या ओटीत जातात, डाळ-पन्हं पोटात जातं, कलिंगडाचं कमळ मुलं पळवतात, रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. सजावटच पाहुण्यांना वाटून टाकायची, ही कल्पना मला फार मोठी वाटते. रचनेच्या अंगाने बघितलं तरी तीत गर्दी होत नाही, कारण प्रत्येक वस्तूला संध्याकाळी कुठे तरी जायचं असतं, तिथे असण्याचं कारण असतं.

यात कापडी फूल नको असं मी म्हणत नाही. क्रेप कागदाचा पांगारा करा ना. त्याच्या पाकळ्या अशा लांब, टोकदार, लाल, कागदाला अगदी सोयीच्या. घरातल्या नातवंडाला करायला द्या, वाकडा होईल, होऊ दे. कुसुंबाची पालवी खणाच्या तुकड्यांतून होईल. तुळशीबागेतल्या एखाद्या कारागिराने पळसाची कापडी फांदी केली, तर मी पहिली गिऱ्हाईक, आगाऊ पैसे देते. फक्त डब्यावर तेवढं छापून द्या म्हणावं: अक्षय्य तृतीयेला उतरवणे.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून कुणी तरी हात वर केलाय, माइक तिकडे द्या.